अनियंत्रित हवाई क्षेत्रात ग्लायडर आणि इंजिनवाली छोटी विमानं: वाट कुणी कुणाला द्यायची?

करवीर_पायलट (धागाकर्ता):

कोल्हापूर-सांगलीकडच्या आम्हा काही हौशी लोकांत सध्या एक विषय जोरात आहे. मिरजेच्या पुढं, कवठेमहांकाळ-जत बाजूला एखादा मोकळा माळ मिळाला तर हिवाळ्या-उन्हाळ्यात विंच (ग्लायडरला तारेनं ओढून वर नेणारं यंत्र) लावून ग्लायडिंग, म्हणजे बिनइंजिनच्या विमानानं उडणं, सुरू करता येईल का? जागा, पैसा, परवानग्या यावर स्वतंत्र धागा काढू. इथं मला एकाच गोष्टीवर बोलायचंय. त्याच आभाळातून इंजिनवाली छोटी विमानंही जातात. कुणी बारामतीहून क्रॉस-कंट्री, म्हणजे लांबचं उड्डाण, करत कोल्हापूरला येतो, कुणी कऱ्हाडवरून कृष्णेच्या कडेकडेनं खाली येतो. उद्या ग्लायडर आले तर ही दोघं एकमेकांना सांभाळून कशी उडणार?

उजळाईवाडीच्या, म्हणजे कोल्हापूर विमानतळाच्या, टॉवरच्या हद्दीत असेपर्यंत सांगणारं कुणीतरी असतं. हद्दीबाहेर, खालच्या उंचीवर ‘जी’ वर्गाचं हवाई क्षेत्र लागलं की दोन विमानांत अंतर राखून देणं हे कुणा नियंत्रकाचं काम राहत नाही. नजर आणि नियम, एवढंच हाताशी.

नियम तसे सगळ्यांना पाठ असतात. समोरासमोर आलात तर दोघांनी उजवीकडे वळायचं. मागून गाठणाऱ्यानं उजव्या बाजूनं पुढं जायचं. वाटा एकमेकींना छेदत असतील तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरं विमान आहे त्यानं वाट द्यायची. पण त्याआधी विमानाचा प्रकार बघायचा: इंजिनवाल्यानं ग्लायडरला, बलूनला आणि दुसऱ्याला ओढून नेणाऱ्या विमानाला वाट द्यायची, ग्लायडरनं बलूनला द्यायची. उतरतानाही इंजिनवाल्यानं ग्लायडरला आधी जाऊ द्यायचं. गगनबावड्याच्या घाटात चढावरच्या भरलेल्या ट्रकला आपण वाट देतो, कारण तो एकदा थांबला की पुन्हा उचलायला जड. ग्लायडरचं त्याहून कठीण, त्याला थांबताही येत नाही आणि धावपट्टी चुकली तर ‘गो अराउंड’, म्हणजे पुन्हा वर चढून दुसरा प्रयत्नही, करता येत नाही.

माझं म्हणणं असं की हा क्रम शंभर टक्के बरोबर आहे आणि तरीही त्याच्यावर विसंबून कुणी सुरक्षित राहत नाही. वाट द्यायला समोरचा आधी दिसावा लागतो. अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक एफएएनं टक्कर टाळण्यासाठी जे मार्गदर्शन दिलंय, त्यात दिसण्यापासून विमान प्रत्यक्ष वळेपर्यंत १२.५ सेकंद धरलेत. वस्तू डोळ्याला जाणवायला ०.१ सेकंद, ते विमान आहे हे कळायला १, ते आपल्यावरच येतंय हे उमगायला ५, कुठं वळायचं हे ठरवायला ४, हात हलायला ०.४ आणि विमानानं प्रतिसाद द्यायला २. सगळ्यात जास्त वेळ उमगण्यात आणि ठरवण्यात जातो, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

आता हिशेब करा. सेसना हे छोटं इंजिनवालं विमान ताशी २०० किमीनं, समोरून ग्लायडर ताशी १०० किमीनं. म्हणजे सेकंदाला ८३ मीटर अंतर कमी होतंय. १२.५ सेकंदांत एक किलोमीटरहून जास्त संपतं. त्या एक किलोमीटरवर ग्लायडर दिसतो किती? पंख १५ मीटर लांब असले तरी समोरून त्यांची जाडी वीतभरही भरत नाही. मधलं धड सुमारे ६० सेंटिमीटर रुंद. एवढी वस्तू एक किलोमीटरवरून अंशाच्या साठाव्या भागाच्या जेमतेम दुप्पट दिसते, आणि निरोगी डोळ्याची मर्यादाच अंशाचा साठावा भाग आहे. त्यात रंग पांढरा, मागे पांढरा ढग.

म्हणून मला वाटतं, आपण इंजिनवाल्यांनी आभाळात ग्लायडर शोधायला लागण्याआधी तो कुठं असेल आणि पुढच्या मिनिटाला कुठं जाईल, हे ओळखायला शिकलं पाहिजे. फ्लाइंग स्कूलमध्ये हे कुणी नीट शिकवत नाही. ग्लायडरवाल्यांनी सांगावं: आमच्या या भागात, कुठल्या वेळी, कुठल्या उंचीवर तुम्ही असाल?

घारीमागे:

फार गरजेचा धागा काढलात. मी हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर विंचनं उडायला शिकलो, पुढे काही वर्षं शिकवलंही. सविस्तर लिहितो.

ग्लायडरचा पायलट सतत एकच गोष्ट शोधत असतो, वर चढणारी हवा. ती कुठं मिळेल हे जमिनीवरून ठरतं, आणि जमीन तर वरून इंजिनवाल्यालाही दिसते. पंचगंगेच्या आणि कृष्णेच्या काठचा हिरवा ऊस ग्लायडरला उपयोगाचा नाही. ओली जमीन आणि दाट पीक उन्हाची बरीचशी उष्णता पाण्याची वाफ करण्यात घालवतं, हवा तापत नाही. शिवाय तिथं उतरायचीही सोय नाही, तीन मीटर उंचीच्या उसात ग्लायडर घालणं म्हणजे ग्लायडर संपला. त्यामुळं करवीर, शिरोळ, हातकणंगले या बागायती पट्ट्यावरून ग्लायडर गेलाच तर उंचावरून, सरळ रेषेत, घाईनं जाईल.

पूर्वेला जसजसं जाल तसं चित्र बदलतं. ज्वारी काढून झालेली काळी रानं, खडकाळ माळ, उघड्या टेकड्यांचे पूर्वेकडचे उतार सकाळी दहा-अकरापासून तापायला लागतात. तिथून थर्मल, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेचे खांब, सुटतात. कोल्हापूरजवळ हवं असेल तर गोकुळ शिरगाव आणि कागलच्या एमआयडीसीतल्या पत्र्याच्या शेड बघा. गुऱ्हाळांचा हंगाम असेल तर धूर बघा: एका बाजूला वाहणारा धूर अचानक सरळ वर जायला लागला, किंवा दोन गावांतले धूर एकमेकांकडे झुकले, तर मधे कुठंतरी हवा वर ओढली जातेय. आणि घारी. पंख न हलवता गोल फिरणाऱ्या घारी दिसल्या की आम्ही तिकडं वळणारच. इंजिनवाल्यानंही घारींचा थवा दिसला की तिथं ग्लायडर असू शकतो असं धरावं. पक्ष्यांपासून लांब राहायचं म्हणून तुम्ही तसेही वळसा घालताच.

उंचीचं बोलू. जिथं कापसासारखे छोटे ढग आहेत तिथं आम्ही ढगाच्या तळाखाली असतो. तळाची उंची काढायचं ढोबळ सूत्र: जमिनीवरचं तापमान वजा दवबिंदू, गुणिले १२५ मीटर. मार्चमध्ये दुपारी तापमान ३६ आणि दवबिंदू १४ असेल तर २२ गुणिले १२५, म्हणजे जमिनीपासून सुमारे २७५० मीटर. चांगला थर्मल सेकंदाला दोन-तीन मीटरनं वर नेतो. त्यामुळं ‘ग्लायडर म्हणजे खाली कुठंतरी घिरट्या घालणारा’ हा समज काढून टाका. दुपारी दोनला तो तुमच्या क्रॉस-कंट्रीच्या उंचीवर किंवा त्याहून वर असू शकतो.

आता हालचाल. थर्मलमध्ये आम्ही ४० अंशांच्या आसपास कलून गोल फिरतो, एका फेरीला २० सेकंद धरा. या अवस्थेत आम्ही सगळ्यात सहज दिसतो, कारण दर फेरीत पंखांचं पूर्ण क्षेत्रफळ तुमच्या बाजूला वळतं आणि ऊन चमकतं. एक फिरणारा दिसला तर त्याच खांबात वर-खाली आणखी शोधा. पहिल्या ग्लायडरनं ज्या दिशेनं वळण घेतलं त्याच दिशेनं नंतर येणाऱ्या सगळ्यांनी फिरायचं हा आमचा कडक नियम आहे. तुम्ही त्या खांबाच्या जवळून जाणार असाल तर बाहेरून जा आणि बरंच अंतर ठेवून जा.

खरा धोका दोन थर्मलच्या मधल्या धावेत आहे. तिथं ग्लायडर नाक खाली करून ताशी १३०-१५० किमीनं सरळ जातो, आणि वर चढणारी हवा लागली की वेग कमी करत झपकन वर उठतो आणि वळतो. बाहेरून बघणाऱ्याला याची काहीच पूर्वसूचना मिळत नाही. सरळ चाललेला ग्लायडर सरळच जाईल असं कधीही धरू नका. त्याच्या वरून शंभर-दीडशे मीटरनं जाऊ म्हणाल, तर ते अंतर तो काही सेकंदांत खाऊन टाकू शकतो.

त्यामुळं माझा सल्ला: ढगांच्या रांगा असतील तर रांगेखालून उडू नका, दोन रांगांमधल्या निळ्या पट्ट्यातून उडा. तिथं हवा खाली बसत असते, आम्ही तिथं थांबत नाही. रांग ओलांडायचीच असेल तर काटकोनात, तळाच्या बरंच खालून, पटकन ओलांडा.

गोकुळशिरगावकर:

मी काय विमानातला माणूस नव्हं, आमच्या घरावरनं विमानं उतरत्यात म्हणून हा धागा वाचतोय. लई भारी माहिती. एक साधी शंका: ग्लायडर दिसत न्हाई म्हणतासा तर त्याला भगवा, लाल असा भडक रंग का देत न्हाईत? आनि दिवा?

घारीमागे:

@गोकुळशिरगावकर, शंका अगदी रास्त आहे भाऊ. आजचे बहुतेक ग्लायडर काचतंतू आणि रेझिनचे असतात. उन्हात तापमान वाढलं की रेझिनची ताकद घटते. गडद रंग जास्त तापतो, म्हणून पंखाचा मोठा भाग पांढराच ठेवावा लागतो. नाकावर, पंखांच्या टोकांवर, शेपटीवर भडक पट्टे देतात, त्याचा थोडा उपयोग होतो. काहीजण कॅनॉपीच्या (कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाच्या) आत पुढच्या बाजूला झगझगीत लुकलुकणारा दिवा बसवतात. इंजिन नाही म्हणजे वीज तयार होत नाही, सगळं बॅटरीवर, म्हणून दिव्याचाही हिशेब ठेवावा लागतो.

जुने लाकडी-कापडी ग्लायडर मात्र हवे तसे रंगवता येत. अवांतर, पण सांगायला आवडेल: आपल्या देशात नागरी विमान वाहतूक खात्यानं स्वतः ग्लायडर रचले होते आणि नावं ओळीनं नक्षत्रांची दिली होती. अश्विनी, भरणी, कार्तिक, रोहिणी, मृगशीर, आर्द्रा. रोहिणीत गुरू-शिष्य शेजारी-शेजारी बसत.

यंत्रविश्वास:

नजरेची मर्यादा धागाकर्त्यानंच आकडे देऊन सिद्ध केली आहे. मग पुन्हा नजरेवरच एवढा भर का? युरोपात ग्लायडरवाल्यांनी २००४ पासून फ्लार्म हे टक्करीचा इशारा देणारं यंत्र वापरायला सुरुवात केली. ते जीपीएसवरून स्वतःचा पुढच्या काही सेकंदांचा मार्ग वर्तवून रेडिओवरून इतरांना कळवतं, आणि दोन मार्ग एकमेकांना भिडत असतील तरच वाजतं. एकाच थर्मलमध्ये पाच-सहा ग्लायडर फिरत असताना साधं ‘जवळ विमान आहे’ सांगणारं यंत्र अखंड कोकलत राहील, म्हणून ही युक्ती. वीजही कमी लागते. आपल्या माळावर ग्लायडिंग सुरू होणार असेल तर पहिल्या दिवसापासून प्रत्येक ग्लायडरमध्ये आणि शेजारच्या फ्लाइंग क्लबांच्या विमानांत हे बसवा, आणि विषय मिटवा.

निवृत्त_नियंत्रक:

यंत्रविश्वास, यंत्र बसवावं या मताला माझा पूर्ण पाठिंबा. विषय मिटेल याला नाही.

फ्लार्म फ्लार्मला ओळखतं. एअरलाइनच्या विमानातलं टीकॅस हे टक्कर टाळणारं यंत्र ट्रान्सपाँडरला (रडारला उत्तर देणाऱ्या विमानातल्या रेडिओ-यंत्राला) ओळखतं, फ्लार्मला नाही. एडीएस-बी, म्हणजे विमानानं स्वतःची जागा रेडिओवरून सतत कळवत राहणं, ही तिसरी गोष्ट. दोन-तीन प्रकारचे संकेत एकत्र दाखवणारी उपकरणं मिळतात, पण समोरच्याकडे काहीच नसेल किंवा असलेलं बंद असेल तर तुमचा पडदा रिकामा राहतो, आणि रिकामा पडदा बघून माणूस निर्धास्त होतो. आपल्याकडे असा कोणताही प्रसारक विमानात बसवायचा तर डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) आणि वायरलेस परवान्याची पूर्तता आधी करावी लागते, हेही विसरू नका.

२००६ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत नेवाडा राज्यात हॉकर ८०० जातीचं जेट आणि एक ग्लायडर सुमारे १६,००० फुटांवर धडकले. ग्लायडरमध्ये ट्रान्सपाँडर होता. बॅटरी वाचवण्यासाठी तो चालू केलेला नव्हता. ग्लायडरचा पायलट पॅराशूटनं उतरला, जेटच्या वैमानिकांनी नाक फुटलेलं विमान चाकांविना पोटावर उतरवलं. सगळे वाचले हे नशीब. जेटमध्ये दोन प्रशिक्षित वैमानिक होते, उजेड होता, तरी टाळण्याइतक्या आधी दिसलं नाही.

हवाई क्षेत्राबद्दल नवख्यांसाठी थोडं. ‘जी’ वर्गात आम्ही माहिती देतो, अंतर राखून देत नाही. ‘ई’ वर्गात आयएफआरवाल्यांना (उपकरणांच्या नियमांनी उडणाऱ्यांना) एकमेकांपासून राखतो, व्हीएफआरवाल्याला (नजरेच्या नियमांनी उडणाऱ्याला) आमची परवानगी लागत नाही, म्हणजे तिथंही व्हीएफआर विमानापासून सांभाळणं नजरेवरच. ‘जी’ वर्गात ३००० फुटांवर, म्हणजे समुद्रसपाटीपासून ३००० किंवा जमिनीपासून १००० यातलं जे जास्त असेल त्यावर, दृश्यमानता किमान ५ किमी हवी आणि ढगापासून आडवं १५०० मीटर, उभं ३०० मीटर अंतर हवं. १०,००० फुटांपासून पुढे दृश्यमानता ८ किमी. ढगाचं अंतर हे निव्वळ कागदी बंधन समजणारे पायलट मी पाहिले आहेत. ढगातून अचानक बाहेर पडणाऱ्या विमानाला आणि ढगाखाली फिरणाऱ्या ग्लायडरला एकमेकांना बघायला वेळ मिळावा यासाठीच ते आहे. शिवाय फ्लाइट प्लॅन आणि हवाई दलाचा एडीसी (हवाई संरक्षण मंजुरीचा) क्रमांक आपल्याकडे व्हीएफआरलाही लागतो. विंचचा माळ निवडताना हे सगळं गृहीत धरा.

एक गोष्ट धाग्यात अजून आली नाही: उंची कशापासून मोजता? बरेच ग्लायडरवाले उड्डाणाआधी अल्टिमीटर (उंची दाखवणारं उपकरण) जमिनीवर शून्य करतात. क्रॉस-कंट्रीवाला समुद्रसपाटीपासून मोजतो. आपलं पठार साधारण २००० फुटांवर आहे. एकजण रेडिओवर ‘तीन हजार’ म्हणाला आणि दुसराही ‘तीन हजार’ म्हणाला, तर त्यांच्यात प्रत्यक्षात २००० फुटांचं अंतर असेल. उलट एकजण ‘तीन हजार’ आणि दुसरा ‘पाच हजार’ म्हणाला की दोघंही सुटकेचा निःश्वास टाकतील आणि नेमके एकाच उंचीवर असतील. या भागात सगळ्यांनी क्यूएनएचवरच, म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवणाऱ्या मांडणीवरच, बोलायचं, असा ठराव पहिल्याच दिवशी करा.

थेट_मुद्दा:

सगळं वाचलं. पण मला एक पटत नाही. नियमानं प्राधान्य ग्लायडरला आहे. मग सगळी जबाबदारी इंजिनवाल्याचीच ना? ग्लायडरवाल्यांना क्यूएनएच लावा, दिवा लावा, यंत्र बसवा असं का सांगताय? हक्क असणाऱ्यानंच सवलत द्यायची हे रस्त्यावर आपण रोज बघतो, आभाळात तरी नको.

घारीमागे:

@थेट_मुद्दा, तुमची भावना समजते. पण ज्या नियमात प्राधान्य दिलंय त्याच नियमात हेही लिहिलंय की प्राधान्य असलेल्या विमानानं आपली दिशा आणि वेग कायम ठेवावा, आणि टक्कर टाळायची जबाबदारी कुणाचीच माफ होत नाही. आता सांगा, थर्मल शोधणारा ग्लायडर दिशा आणि वेग कायम कसा ठेवणार? त्याचं उडणंच दिशा-वेग बदलण्यावर चालतं. म्हणजे आमच्या प्राधान्यातली आमची बाजू आम्ही क्वचितच पाळू शकतो. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगायचो: तुला दिसलंय, त्याला दिसलंय की नाही ते ठाऊक नाही, तर तूच वळ. आणि वळताना पंख नीट कलव, म्हणजे तू त्याला दिसशील.

इंजिन असलेल्याला वळसा घालायला दोन मिनिटांचं इंधन लागतं. ग्लायडरला थर्मल सोडावा लागला तर कदाचित शेतात उतरावं लागेल. म्हणून वाट इंजिनवाल्यानं द्यायची हे न्याय्यच. पण ती मिळेलच असं धरून ग्लायडरवाल्यानं उडायचं नाही.

सह्यवारा:

पॅराग्लायडरवाल्यांना विसरू नका. मी पाचगणी आणि कामशेतला उडतो. आमचा वेग ताशी ३५-४० किमी, तुम्ही दिसलात तरी बाजूला व्हायला आम्हाला जमतच नाही म्हणा. आणि आमचा पंख कापडाचा आहे. विमान ‘जवळून’ गेलं आणि धडकलं नाही, तरी त्यामागच्या भोवऱ्यांत आमचा पंख मिटू शकतो. पन्हाळा, जोतिबा, घाटमाथ्याची धार, अशा कड्यांना वारा समोरून धडकत असेल तेव्हा कड्याच्या वाऱ्याकडच्या बाजूला, माथ्याच्या थोडं वर कुणीतरी मागे-पुढे उडत असेल असं धरा. कड्यावर आमचा वेगळा नियम: समोरासमोर आलो तर ज्याच्या उजव्या हाताला कडा आहे तो सरळ जातो, कारण त्याला उजवीकडे वळायला जागाच नाही. डाव्या हाताला कडा असणाऱ्यानं बाहेर सरायचं. इंजिनवाल्यांना हा नियम माहीत नसतो. फोटो काढायला कड्यालगत येणाऱ्यांनी तर आवर्जून लक्षात ठेवावा.

उडता_मिरजकर:

हिवाळ्याबद्दल लिहितो, कारण मला तोच काळ सगळ्यात जास्त काळजीचा वाटतो. डिसेंबर-जानेवारीत सकाळी आपल्याकडे उसाच्या पाचटाचा धूर, गुऱ्हाळं, कारखाने, धुकं सगळं मिळून एक राखाडी थर बसतो. त्याच्या वरच्या काठाला इन्व्हर्जन असतं, म्हणजे वरची हवा खालच्या हवेपेक्षा गरम असते. खाली काही दिसत नाही, वर एकदम लख्ख. साहजिकच प्रत्येक इंजिनवाला त्या थराच्या थोडं वर येऊन स्थिरावतो, हवा शांत आणि नजर लांब जाते. आणि थर्मल? तेही इन्व्हर्जनपाशीच अडतात, म्हणजे ग्लायडर चढत-चढत नेमका त्याच काठाशी येऊन थांबतो. मोकळं आभाळ एवढं मोठं, पण दोघांची गर्दी शे-दोनशे मीटरच्या पट्ट्यात. त्यात खालून येणारा ग्लायडर धुरकट थरात आहे. पंख खाली असलेल्या विमानातून तो दिसणारच नाही, स्वतःचाच पंख आड येतो. सेसनासारख्या वर पंख असलेल्या विमानात उलटं, वळताना वळणाच्या बाजूचा पंख खाली येऊन नेमकी तीच बाजू झाकतो. वळण्याआधी तो पंख उचलून बघायची सवय हवी.

दुसरं, संध्याकाळ. मिरजेहून कोल्हापूरला येताना तोंड पश्चिमेला, सूर्य डोळ्यांत, काचेवर धूळ. त्यावेळी जरा दक्षिणेकडून, कागलच्या बाजूनं वळसा घालून आलं तरी फरक पडतो. उन्हाळ्यात शिवाय संध्याकाळी कोकणातून घाट चढून येणारा गार वारा पूर्वेकडच्या तापलेल्या हवेला भिडतो आणि त्या रेषेवर हवा वर चढते. ग्लायडरवाले ती रेषा धरून उत्तर-दक्षिण लांब जाऊ शकतात. तुम्ही ती आडवी छेदणार. आणि वळवाचे ढग उभे राहिले असतील तर दोघांनीही घरी असावं.

करवीर_पायलट:

मिरजकर, इन्व्हर्जनच्या काठाची गोष्ट मी कुठंच वाचली नव्हती, विचार केला तेव्हा लख्ख पटली. नियंत्रक काकांचा क्यूएनएचचा मुद्दा तर या सगळ्यावर आम्ही जे टिपण करणार आहोत त्यात पहिला जाईल.

व्हीएफआरच्या ठरलेल्या उंच्यांबद्दलही आता वेगळं वाटतंय. पूर्वेकडे जाताना ५५००, ७५०० फूट, पश्चिमेकडे ६५००, ८५०० फूट, यामुळं इंजिनवाले एकमेकांपासून राखले जातात. ग्लायडर मात्र या सगळ्या उंच्या उभा छेदत वर जातो आणि तिरका छेदत खाली येतो. त्याच्यापासून ही पद्धत आपल्याला वाचवत नाही.

नजर फिरवण्याबद्दल माझ्याकडून एक भर. रिकाम्या आभाळाकडे बघताना डोळा आपोआप काही फुटांवर स्थिरावतो, लांबचं बघतोय असं वाटतं पण बघत नसतो. म्हणून अधूनमधून क्षितिजावरच्या एखाद्या ठळक खुणेवर नजर टेकवायची. आणि आभाळ सलग झाडून काढल्यासारखी नजर फिरवायची नाही. दहा-दहा अंशांचे तुकडे करून प्रत्येक तुकड्यावर किमान सेकंदभर थांबायचं. टक्करीच्या मार्गावरचं विमान काचेत जागचं हलत नाही, नुसतं मोठं होतं, आणि मोठं होणंही शेवटच्या काही सेकंदांतच जाणवतं. हलणारं विमान नजरेत भरतं, पण ते बहुधा तुम्हाला धडकणार नसतं.

आता विंचबद्दल सांगा. माळावरून कुणी चुकून गेला तर?

घारीमागे:

हा भाग जीवघेणा आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. विंचची तार ग्लायडरला मिनिटभरात जमिनीपासून हजार-दीड हजार फुटांवर नेते, धावपट्टी लांब आणि वारा चांगला असेल तर त्याहूनही वर. चढताना ग्लायडरचं नाक इतकं वर असतं की पायलटला समोरचं काहीही दिसत नाही. आणि तार तर कुणालाच दिसत नाही. ग्लायडरनं तार सोडली तरी ती छोट्या पॅराशूटसह खाली येत असते. त्यामुळं आमच्याकडे तार ओढायचा इशारा देण्याआधी एक माणूस फक्त आभाळ बघायला उभा असतो. वर, मागे, दोन्ही बाजूंना. विमानाचा नुसता आवाज आला तरी तो ‘थांबा’ म्हणतो, आणि त्याच्या शब्दावर कुणी वाद घालायचा नसतो.

इंजिनवाल्यांनी करायचं एवढंच: विंचची जागा नकाशावर मोठी खूण करून ठेवायची आणि तारेच्या कमाल उंचीच्या खाली तिच्या डोक्यावरून कधीही जायचं नाही. ‘खाली बघितलं, कुणी दिसलं नाही’ हे कारण चालत नाही, कारण ग्लायडर गवतात उभा असताना दिसत नाही आणि मिनिटभरात तुमच्यासमोर असतो. आम्ही आमच्याकडून उड्डाणाचे दिवस आणि वेळा नोटॅमनं (वैमानिकांसाठीच्या अधिकृत सूचनेनं) जाहीर करायच्या, शेजारच्या फ्लाइंग स्कूलांना आणि कोल्हापूरच्या टॉवरला फोन करायचा.

निवृत्त_नियंत्रक:

नोटॅममध्ये उंची समुद्रसपाटीपासून द्या, जमिनीपासून नव्हे.

आणि रेडिओवर बोलताना अक्षांश-रेखांश सांगत बसू नका, दोघांनाही वरून दिसतील अशा खुणा आधीच ठरवा. नरसोबाच्या वाडीचा संगम, मिरज जंक्शनचे रूळ, जोतिबाचा डोंगर, महामार्गावरचा पंचगंगेचा पूल. ‘वाडीच्या संगमापासून पाच मैल पूर्वेला, क्यूएनएचवर ४८००, थर्मलमध्ये डावीकडे फिरतोय’ एवढ्या एका वाक्यात समोरच्याला सगळं कळतं. ‘मिरजेजवळ आहे’ म्हणालात तर काहीच कळत नाही.

गोकुळशिरगावकर:

पाच मैल म्हंजे आपलं मैल का समुद्राचं?

निवृत्त_नियंत्रक:

सागरी मैल, १८५२ मीटरचा. बरं विचारलंत, टिपणात तेही लिहायला हवं.

करवीर_पायलट:

टिपणाचा कच्चा मसुदा मी करतो: कमाल उंच्या, खुणांची यादी, क्यूएनएच, कड्यावरचा नियम, ढगांच्या रांगा आणि हिवाळ्यातला इन्व्हर्जनचा पट्टा. मिरजकर, थंडीतल्या सकाळी तुम्हाला तो थर साधारण किती उंचीवर सापडतो त्याच्या नोंदी असतील तर पाठवा. सह्यवारा, पॅराग्लायडरवाले कुठल्या महिन्यांत कुठल्या कड्यांवर असतात ते तुमच्याकडून हवंय. घारीमागे, तुम्ही कोल्हापूरला याल तेव्हा कळवा, जतच्या बाजूचे दोन-तीन माळ तुमच्या नजरेखालून घालायचेत. वारा, उतार आणि आजूबाजूला उतरता येईल अशी रानं किती, हे आधी बघू. जागा ठरली की टॉवरकडे नकाशा घेऊन जायचं.

घारीमागे:

ज्वारीची काढणी झाल्यावर येतो. रानं मोकळी असतील तेव्हाच बघायला हवं.